चादरीची उलट घडी

सुनेचा भाऊ शनिवारी तिला न्यायला येणार होता, आणि त्याच आठवड्यात, बुधवारी, हॉस्पिटलने आमच्या धुतलेल्या चादरी परत पाठवल्या. दोन्ही गोष्टी ऐकून मला काही वाटलं नाही. हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर वाचणारा म्हणायचा, बाई मोठी खंबीर. खंबीर कसली. दाढ काढताना डॉक्टर सुई टोचतो, मग गालाला चिमटा घेतला तरी कळत नाही, तसं माझं झालं होतं. दाढेची सुई संध्याकाळपर्यंत उतरते, एवढाच फरक.

माझा एकुलता एक मुलगा जाऊन तेव्हा अर्धं वर्ष होत आलं होतं.

आमची लाँड्री आहे. पुढे काउंटर, तिथे आमचे हे बसतात. यांना ऐकू कमी येतं आणि ते कबूल करायचं नसतं, त्यामुळे एकाची पँट दुसऱ्याला देतात आणि वर हसून ‘या हं पुन्हा’ म्हणतात. तो बिचारा पुन्हा येतोच, पँट बदलायला. मधल्या खोलीत मशिनं आणि रोलरची इस्त्री. मागे दोऱ्या बांधलेलं अंगण, आणि अंगणाला लागून घडीची खोली. तिथे भिंतीकडेला एक लांब टेबल, बाकी सगळी जागा मोकळी, कारण मोठी चादर दोघांनी दोन टोकांना धरून ताणायची तर जागा लागते. वरच्या मजल्यावर आम्ही राहतो. वर कोणी रडलं तर खाली ऐकू येत नाही, मशिनं चालू असतात. ही सोय मी कधी वापरली नाही.

या गल्लीत मला सगळे मालकीणबाई म्हणतात. यांना मालक कोणी म्हणत नाही, काका म्हणतात. त्यातच सगळं आलं.

हॉस्पिटलच्या चादरी हे आमचं मोठं काम, सासऱ्यांच्या वेळेपासूनचं. त्या चादरीची घडी घरच्या चादरीसारखी नसते. रोगी पलंगावर पडून असतो, त्याला खाली उतरवता येत नाही. नर्स त्याला एका कुशीवर वळवते, चादरीची मधली मोड, म्हणजे घडीची रेघ, पलंगाच्या मधोमध ठेवते, अर्धी चादर पसरते आणि अर्धी त्याच्या पाठीशी गोळा करून ठेवते. मग त्याला दुसऱ्या कुशीवर वळवलं की उरलेली अर्धी ओढून घेते. माणसाला उचलावं लागत नाही, हिसका बसत नाही. पण त्यासाठी मधली मोड नर्सच्या हाताला आधी लागली पाहिजे. म्हणून पहिली लांबट घडी एका अंगाला घालायची आणि दुसरी तिच्या उलट. दुसरीही त्याच अंगाला घातली तर मोड आत दडते, आणि नर्सला अख्खी चादर रोग्याच्या तोंडावर फडफडवून उघडावी लागते.

ही घडी मला सासूबाईंनी शिकवली. मी शाळा दुसरीत सोडलेली. त्या एक, दोन, तीन सांगायच्या आणि माझं तीनला काहीतरी चौथंच व्हायचं. शेवटी त्यांनी विचारलं, प्रभूची प्रार्थना तरी पाठ आहे ना तुला? ती होती. मग तिच्यावरच त्यांनी घडी बसवली. देवाच्या नावाची ओळ म्हणताना चादर ताणून झटका द्यायचा. त्याच्या राज्याच्या ओळीला पहिली लांबट घडी. त्याच्या इच्छेच्या, म्हणजे ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ या ओळीला मनगट फिरवून उलट घडी. भाकरीच्या ओळीला समोरच्याने चालत यायचं आणि आपली टोकं आपल्या हातात द्यायची. क्षमेच्या ओळीला खाली लोंबणारा वाक उचलायचा, मोहाच्या ओळीला आणखी एकदा दुमडायचं, आणि आमेनला चादर गठ्ठ्यावर. एक ओळ एकीने म्हणायची, पुढची समोरच्याने. चर्चच्या पाळकांच्या कोणा पाहुण्याने एकदा नाक मुरडलं होतं, की प्रार्थनेचा हा काय वापर. सासूबाई त्याला म्हणाल्या, देवाला दाराबाहेर उभा ठेवण्यापेक्षा आत घेऊन कामाला लावलेला बरा.

सासूबाई गेल्या आणि समोरचं टोक मुलाकडे आलं. हात टेबलापर्यंत पोचायला लागले तेव्हापासून तो तिथे उभा. नाव, इच्छा आणि क्षमा माझ्या ओळी. राज्य, भाकर आणि मोह त्याच्या. क्षमेची ओळ माझ्या वाट्याला कशी आली देव जाणे, मी ती भरकन उरकायची. तो हसायचा. म्हणायचा, आई, या ओळीला तू फार घाई करतेस, वाक नीट उचलला जात नाही. मोठा झाला, व्हॅन चालवायला लागला, लग्न झालं, मुलगी झाली, तरी सकाळचा गठ्ठा हॉस्पिटलला पोचवून आला की घडीला उभा. आम्ही दोघं बोलायचो कमी. भांडायचो जास्त. पण चादर हातात घेतली की नाव मी, राज्य तो. घर भांडणात असलं तरी प्रार्थना थांबली असं झालं नाही, कारण चादरी थांबत नाहीत.

त्याला ताप आला. साधा वाटला, साधा निघाला नाही. आमच्याच हॉस्पिटलमध्ये ठेवला. शेवटच्या आदल्या दिवशी मी त्याच्या कानाशी म्हणाले, थांब. मी आयुष्यात कोणाची विनवणी केलेली नाही. नवऱ्याची नाही, व्याह्यांची नाही, हॉस्पिटलच्या साहेबाची तर नाहीच. त्याची केली. तो थांबला नाही.

मी आत गेले तेव्हा त्याच्या अंगावरचं पांघरूण काढलेलं होतं. खालची चादर आमची होती. कोपऱ्यात लाल दोऱ्याची फुली, माझ्या हातची. मधली मोड त्याच्या डोक्यापासून पायापर्यंत सरळ गेलेली, केसभर इकडेतिकडे नाही. माझ्या मनात पहिला विचार आला की घडी चांगली पडली आहे. त्या चादरीची दोन टोकं त्यानेच चालत येऊन माझ्या हातात दिली असणार. हा विचार आला आणि दारातच बसला. त्याच्या मागून रडू, राग, जे काही यायचं होतं ते आत येऊ शकलं नाही. अर्धं वर्ष तो तसाच दारात बसून होता.

चर्चच्या मंडळीतल्या बायका भेटायला आल्या. चांगल्या बायका आहेत, उगाच कशाला बोलू, पण त्यातली एक, जिला आम्ही मागून हार्मोनियम म्हणतो कारण ती भात्यासारखा श्वास घेऊन बोलते, ती माझा हात धरून देवाच्या इच्छेबद्दल सांगायला लागली. मी म्हणाले, त्याची इच्छा तुम्हाला बरी लगेच कळते हो, मला विचारायला तर कोणी आलं नव्हतं. मग त्या चहा न घेता गेल्या.

पाळकसाहेब आले ते अंगणात. मी कपडे वाळत घालत होते. त्यांनी काही विचारलं नाही, चिमट्यांची टोपली हातात घेऊन माझ्यामागून चालत राहिले. जाताना म्हणाले, मालकीणबाई, सध्या प्रार्थना जमत नसेल तर राहू द्या, तुमच्या वाट्याची ती मंडळी म्हणेल. मी म्हटलं, माझी भांडीपण मंडळीच घासणार का? ते हसले. चिमटे मात्र नीट देत होते, हे खरं.

तरी मी उपासनेला जात होते. न जाऊन लोकांना बोलायला विषय कशाला द्या. नेहमीच्या बाकावर बसायची, गीताला उभी राहायची, सगळ्यांबरोबर तोंड हलवायची. प्रार्थनेत इच्छेची ओळ आली की तोंड बंद. कोणाला कळत नव्हतं. देवाला कळत असेल, पण त्याने काही म्हटलं नाही, आणि मीही नाही.

घडीच्या खोलीत समोरचं टोक आता सून धरत होती. आधी ती पावत्या आणि कपड्यांवरच्या खुणा सांभाळायची. शिकलेली आहे, माझ्यासारखी नाही. तो गेल्यावर एका सकाळी आपणहून आली आणि त्याच्या जागी उभी राहिली. मी टोकं दिली. आम्ही दोघी तोंडाने काही म्हणत नव्हतो. चादर ताणायची, दुमडायची, ती चालत यायची, टोकं द्यायची, परत जायची. दिवसभर. एकमेकींकडे बघत समोरासमोर उभं राहायचं आणि बोलायचं नाही, यासारखं अवघड काम नाही, पण आम्हाला ते अवघडही वाटत नव्हतं. तीही माझ्यासारखीच झाली होती, सुई मारल्यासारखी. नात टेबलाखाली बसून उशांच्या अभ्र्यांत बाहुली झोपवायची.

मग सुनेच्या भावाचा फोन आला. माणूस चांगला. एका शाळेत तिच्यासाठी काम बघून ठेवलं होतं, मुलीची सोयही तिथेच होणार होती, राहायला त्याच्याकडची मागची खोली. कायमचं. शनिवारी येतो म्हणाला. सुनेने फोन ठेवला आणि मला सगळं सांगितलं, शेवटी म्हणाली, आईंना विचारते म्हणून सांगितलंय दादाला. आणि माझ्याकडे बघत राहिली.

मी म्हणाले, तुझं तू बघ.

दुसरं काय म्हणणार? थांब म्हणायचं? ते मी एकदा म्हणून बघितलं होतं. ती गेली तर नात जाणार, वरच्या मजल्यावर मी आणि ऐकू न येणारा एक म्हातारा, आणि घडीच्या खोलीत समोर भिंत. हे मला डोक्याने कळत होतं, जसं रोलर गरम आहे हे कळतं. चटका बसत नव्हता. आणि ज्याचा चटका बसत नाही ते मागायचं कसं? लोकांपुढे हात पसरायचा तर निदान भूक तरी पाहिजे.

ती सोमवारी हे म्हणाली. मंगळवारी वरच्या कपाटावरची मोठी बॅग खाली आली. बुधवारी मुलाच्या जागी ठेवलेला व्हॅनवाला हॉस्पिटलहून परतला तो भरलेले गठ्ठे तसेच घेऊन. मी म्हटलं हे काय, मळके आणायचे सोडून धुतलेलेच परत? तो मान खाली घालून म्हणाला, कपड्यांच्या कोठीवरच्या सिस्टरने दिलेत, घडी चुकलीय म्हणे. मी म्हटलं, कोणाची? तो म्हणाला, तुमची. बरेच दिवस चुकतेय. घरात असं झालंय म्हणून त्या इतके दिवस बोलल्या नाहीत, पण आता नर्सा कुरकुर करतात, रोग्यांना त्रास होतो.

व्हॅनवाला गेल्यावर मी एक चादर उघडली. मोड आत. दुसरी उघडली. मोड आत. गठ्ठ्याच्या मधून एक ओढली, तळातून एक ओढली. सगळ्या सारख्याच चुकलेल्या, इस्त्री कडक, डाग नाही, काठ जुळलेले, आणि मोड आत. इतके दिवस लोकांच्या आजारी आई-बापांच्या तोंडावर माझ्या चादरी फडफडत होत्या, आणि हॉस्पिटलवाले माझी कीव करून गप्प बसले होते. माझी कीव. पूर्वीची मी असते तर त्या सिस्टरला फोन लावून तिचं कूळ काढलं असतं, मग स्वतःच्या नावाने बोटं मोडली असती. मी चादरी टेबलावर रचून ठेवल्या आणि जेवायला वर गेले. आमटीत मीठ नव्हतं की होतं, सांगता येणार नाही.

गुरुवारी सकाळी पुन्हा घड्या घालायला घेतल्या. मी चादर ताणली. झटका बरोबर. पहिली घडी बरोबर. दुसरीला माझा हात सरळ त्याच अंगाला गेला. मी थांबले, उलगडली, पुन्हा घातली. पुन्हा तसंच. जन्मभर जी घडी झोपेत घातली असती ती जागेपणी जमेना. मनगट त्या जागेला आलं की जणू कोणी दुसऱ्याचं. तिसऱ्यांदा चुकली तेव्हा समोरून सून म्हणाली, “आई, तुम्ही इच्छेची ओळ म्हणत नाही ना आता? म्हणून.”

मी विचारलं, तुला काय माहीत ओळींचं? आपण तर तू या टोकाला आल्यापासून मोठ्याने म्हटलंच नाही काही.

ती चादरीकडे बघत सांगायला लागली. तो वर त्यांच्या खोलीत अंथरुणाच्या चादरीची घडी तिच्याबरोबर घालायचा, प्रार्थनेवर, खालच्यासारखीच. तिला स्वतःच्या ओळी द्यायचा आणि स्वतः माझ्या म्हणायचा. माझ्या आवाजात. म्हणजे माझी नक्कल करत. कमरेवर हात काय ठेवायचा, भुवई काय चढवायचा. क्षमेची ओळ आगगाडी सुटल्यासारखी म्हणायचा. आणि इच्छेच्या ओळीच्या आधी खाकरायचा.

“मी खाकरते?”

“दर वेळी. मनगट फिरवायच्या आधी. ते म्हणायचे, आईची उलट घडी खाकरल्याशिवाय पडत नाही.”

मला हे कोणी कधी सांगितलं नव्हतं. मी खाकरते हे मला माहीत नव्हतं, आणि माझा मुलगा वरच्या मजल्यावर कमरेवर हात ठेवून मी होतो हेही नव्हतं. मला हसू आलं असं म्हणणार नाही. पण हसू कुठून येतं ती जागा असते ना, बरगडीखाली, तिथे कोणीतरी बोट लावून बघितल्यासारखं झालं, जिवंत आहे का म्हणून.

मी तिला विचारलं, मग घडी चुकतेय हे तुला पहिल्या दिवसापासून दिसत होतं? ती म्हणाली, हो. मी म्हटलं, आणि तोंडात काय मूग धरले होते? तर म्हणते, मला वाटलं तुम्ही मुद्दाम बदललीत. आणि तुम्हाला कोण सांगणार?

हे तिचं बरोबर होतं.

मग मी बोलले. का बोलले ते ठाऊक नाही, टोकं हातात होती म्हणून असेल. मी तिला म्हणाले, मनात प्रार्थना सुरू होते माझी, सवयीने. नावापर्यंत येते, राज्यापर्यंत येते. तिसऱ्या ओळीला तो पलंग दिसतो आणि खाली सरळ मोड. ती ओळ मला म्हणवत नाही. खोटं मी गिऱ्हाइकाशी बोलत नाही, देवाशी कशी बोलू? आणि ती ओळ सोडून बाकीच्या म्हणणं म्हणजे बटणांची काजं सोडून सदरा शिवणं. म्हणून सगळंच बंद.

तिने चादरीची टोकं हातात नीट धरली. मग म्हणाली, “ती ओळ मी म्हणते. तुम्ही बाकीच्या म्हणा.”

“तुला म्हणवते?”

“मलाही वाटत काहीच नाही. पण तुमच्यासाठी म्हणायला जमेल.”

मी चादर ताणली. नावाची ओळ मोठ्याने म्हटली. गंजलेल्या बिजागरीचा आवाज आला. तिने राज्याची म्हटली, पहिली घडी पडली. मग मी तोंड मिटून उभी राहिले आणि तिने समोरच्या टोकाकडून माझी ओळ म्हटली, सरळ, सावकाश, नक्कल न करता. माझं मनगट फिरलं. मी फिरवलं नाही, ते फिरलं. उलट घडी पडली, मोड वर आली. भाकरीची ओळ तिची, ती चालत आली आणि टोकं माझ्या हातात दिली. क्षमेची मी म्हटली. वाक नीट उचलला.

यावर कोणी म्हणेल, मग तुम्हाला शांती मिळाली असेल. मंडळीत साक्ष द्यायला उठतात त्या बायका इथे रडतात. मला काही मिळालं नाही. आभाळ उघडलं नाही, छातीवरून काही उतरलं नाही. आम्ही दुसरी चादर घेतली, मग तिसरी, मग दिवसभर. एक मात्र सांगते. पूर्वी मला वाटायचं, प्रार्थना म्हणजे आतून काही तरी वर यावं लागतं, विहिरीतून पाणी यावं तसं, आणि विहीर आटली की संपलं. त्या दिवशी आत टिपूस नव्हता. तरी प्रार्थना चालू होती, कारण तिचं दुसरं टोक कोणीतरी धरलं होतं. पाळकसाहेब चिमटे देत जे म्हणाले होते ते मला तेव्हा समजलं. मी त्यांना हे सांगितलेलं नाही, लगेच व्यासपीठावरून बोलतील.

शुक्रवारी सगळे गठ्ठे पुन्हा हॉस्पिटलला गेले. व्हॅनवाला येऊन म्हणाला, सिस्टरने चार-पाच उघडून बघितल्या आणि नुसती मान हलवली. मी म्हटलं, कोणत्या बाजूला? तो म्हणाला, वरखाली. मग ठीक.

त्या रात्री जेवताना सून बॅगेचं काही बोलली नाही. मीही नाही. बॅग भरून जिन्याच्या तोंडाशी ठेवलेली होती, आमचे हे दोनदा तिला अडखळले आणि दोन्ही वेळा बॅगेला सॉरी म्हणाले.

शनिवारी तिचा भाऊ आला. काउंटरवर यांनी त्याला गिऱ्हाईक समजून कोणाचे तरी दोन शर्ट दिले, ते हातात घेऊनच तो घडीच्या खोलीत आला. आम्ही कामात होतो, शनिवारचा गठ्ठा दुपारच्या आत द्यावा लागतो. तो दाराशी उभा राहून नीट बोलला. म्हणाला, आई, तुमचं दुःख मोठं आहे, मला कळतं. पण हिचं वय काय, पोरीचं वय काय. इथे राहून ही दिवसभर चादरी धरणार. तिकडे शाळा आहे, माणसांत राहील. तुम्ही मोकळ्या मनाने निरोप द्या, तुमच्या शब्दाशिवाय ही निघायची नाही. चुकीचं एक अक्षर नव्हतं त्यात. त्याचा राग तरी यावा, पण रागावण्यासारखं त्याने काही ठेवलं नव्हतं.

मी सुनेकडे बघितलं. ती टोकं धरून उभी होती, माझ्याकडे बघत, सोमवारी बघत होती तशीच. आपण काय हवं ते सांगायचं नाही, माझ्या तोंडून ऐकायचं, हे तिने ठरवलेलं. माझ्याच घरात राहून माझ्यासारखी हट्टी झालेली.

मी त्याला म्हटलं, पाहुणे, एवढी चादर होऊ द्या.

नावाची ओळ मी म्हटली. झटका दिला. तिने राज्याची म्हटली, पहिली घडी पडली. आणि ती थांबली. इच्छेची ओळ तिने म्हणायची होती, दोन दिवस तीच म्हणत होती, पण ती गप्प. चादर आमच्या दोघींच्या मध्ये ताणलेली राहिली. मागे रोलर फिरत होता. मला कळलं, ही ओळ ती माझ्यासाठी ठेवून जातेय. उद्यापासून मला एकटीने म्हणावी लागणार ती, आत्ता म्हणून बघा, जमतेय का.

मी खाकरले. दोघींनाही ते ऐकू आलं. तिच्या तोंडाचा कोपरा हलला. मी तोंड उघडलं आणि पहिला शब्द जिभेवर घेतला. पलंग आला, मोड आली, शब्द तिथेच राहिला. मी पुन्हा प्रयत्न केला. ओठ हलले, आवाज नाही. भाऊ जमिनीकडे बघायला लागला.

तेव्हा मी ते म्हणाले. तिला नाही, चादरीला म्हणाले म्हणा हवं तर, कारण मी खाली बघत होते.

“ही ओळ मला अजून येत नाही. येईपर्यंत राहा.”

भावाने ते दोन शर्ट एका हातातून दुसऱ्या हातात घेतले. मग भावानेच विचारलं, आवाजात राग नव्हता, हिशेबी माणसाने विचारावं तसं, “आई, आणि कधी येईल ती?”

मी म्हटलं, “दुसरीत शाळा सोडलेली बाई आहे मी. मला शिकायला वेळ लागतो.”

सून हसली. तो गेल्यापासून पहिल्यांदा, आणि आवाज होऊन. नात टेबलाखालून बाहेर आली बघायला, आई कशी दिसतेय. हसता हसताच सुनेने माझी ओळ म्हटली, तशीच, हसू न आवरता, आणि देवाला ते चालत असेल असं मी धरून चालले. माझं मनगट फिरलं. घडी उलट पडली. मग ती चालत आली, टोकं माझ्या हातात दिली, आणि भावाकडे वळून म्हणाली, दादा, ते शर्ट आमच्या गिऱ्हाइकाचे आहेत, ते ठेव आणि चहा घे. मी पुढे कधी येते ते कळवीन.

भावाने समजुतीने घेतलं. जाण्याआधी त्याने एक चादर धरूनही बघितली, त्याला वाटलं सोपं आहे. ती मी नंतर पुन्हा घातली. दुपारच्या गाडीने तो एकटा गेला. शनिवारी दुपारी मशिनं बंद असतात, त्यामुळे वरचं सगळं खाली ऐकू येतं. मी घडीच्या खोलीत टेबल पुसत होते आणि वर कपाटाचा खण उघडल्याचा, मग बंद झाल्याचा, मग दुसरा उघडल्याचा आवाज आला. मुलीचे फ्रॉक ती परत ठेवत होती. मी टेबल पुसत राहिले. ते केव्हाच स्वच्छ झालं होतं.

त्यानंतर बरेच गठ्ठे गेले आले. हार्मोनियमबाईंना मी चहाला बोलावलं, त्यांनी श्वास घेऊन माफ केलं. क्षमेची ओळ मी अजून घाईच करते, सून टोकते. रविवारी बाकावर तोंड हलवते, त्या ओळीला मिटते, आता शेजारी सून असते, तिचा आवाज थोडा चढतो. बधिरपणा गेला का असं कोणी विचारलं तर सांगेन, नाही. कडेकडेने मुंग्या येतात कधीकधी, एवढंच. तो विचार दारात बसलेलाच आहे, आता थोडं सरकून बसलाय, बाकीच्यांना जायला-यायला वाट झालीय.

ओळ अजून तीच म्हणते. मी खाकरते, मनगट फिरवते, आणि मोड वर येते.